यंत्र खरेदी झाले. साधन कोणाच्या हाती?

रसायनशास्त्राच्या संशोधकापुढे रोज उभा राहणारा प्रश्न वरकरणी अगदी साधा असतो. आठवडाभर खपून चंचुपात्राच्या तळाशी जो चिमूटभर पांढरा चुरा मिळाला, तो नेमका कोणता पदार्थ आहे? हवा होता तोच, की भलताच? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही. आणि हे उत्तर आज ज्या एका साधनाने सर्वांत खात्रीपूर्वक मिळते, ते म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे, म्हणजेच एन.एम.आर.चे यंत्र.

पाच-दहा मिलिग्रॅम पदार्थ द्रावकात विरघळवून काचेच्या बारीक नळीत भरावा, ती नळी प्रबळ चुंबकाच्या पोकळीत सोडावी आणि तिच्यावर रेडिओलहरींचा मारा करावा. रेणूतील हायड्रोजनची अणुकेंद्रे या लहरींना प्रतिसाद देतात; आणि प्रत्येक अणुकेंद्राचा प्रतिसाद त्याच्या शेजारी कोण बसले आहे त्यावर ठरतो. त्या प्रतिसादांच्या आलेखावरून रेणूची रचना वाचता येते. हेच तत्त्व रुग्णालयात एम.आर.आय. या नावाने मेंदूचे आणि मणक्याचे चित्र दाखवते.

देशातील कोणत्याही जिल्ह्याच्या विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनीची स्थिती पाहावी. तिच्या विभागात हे यंत्र नाही. ती नमुन्याची कुपी बांधून दूरच्या एखाद्या केंद्राकडे टपालाने पाठवते, शुल्क भरते आणि वाट पाहते. आलेख आला आणि त्यात दोष निघाला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. दरम्यान अस्थिर पदार्थ कुपीतच विघटित झालेला असतो. केंद्रीय संस्थेत शिकणारा तिचा समवयस्क मात्र सकाळी प्रयोग करतो, दुपारी आलेख पाहतो आणि संध्याकाळी नवा प्रयोग मांडतो. दोघांची बुद्धी सारखी, परिश्रम सारखे. परंतु पाच वर्षांनंतर दोघांचे प्रबंध एका तराजूत तोलले जातात आणि हलका ठरलेला प्रबंध विद्यार्थिनीच्या कुवतीचा पुरावा मानला जातो. हा न्याय नव्हे.

निर्माते होतो, गिऱ्हाईक झालो

हे तंत्र परदेशातून तयार स्वरूपात आपल्याकडे आले, असा एक समज रूढ आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९४५-४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी हे अनुस्पंदन स्वतंत्रपणे शोधले. १९५२ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु भौतिकशास्त्राचा हा शोध रसायनशास्त्राच्या कामाचा आहे हे ज्या प्रयोगाने निर्विवाद ठरले, तो १९५१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांचा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा आलेख घेतला, तेव्हा एकाऐवजी तीन शिखरे उमटली. त्यांचे क्षेत्रफळ तीनास दोनास एक. अल्कोहोलच्या रेणूत तीन प्रकारच्या जागी नेमके तितकेच हायड्रोजन असतात. रेणूची रचना कागदावर स्वतःच उतरली होती. त्या तिघांतील धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ. मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभारली.

त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सूर्यन यांनी स्वतः जुळवलेल्या उपकरणावर वाहत्या द्रवातील अनुस्पंदनाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. या विषयावरील आरंभीच्या ग्रंथांपैकी एक साहा आणि दास यांनी लिहिला व तो १९५७ साली कोलकात्याहून प्रसिद्ध झाला. पुढे १९७५ मध्ये झुरिक येथे अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट या तिघांनी चुंबकीय प्रतिमा मिळवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातील पहिले नाव भारतीय आहे. अर्न्स्ट यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अनिल कुमार यांनी आपली कारकीर्द बंगळूरला घडवली.

मग ज्या देशाच्या शास्त्रज्ञांनी या ज्ञानशाखेचा पाया घालण्यात हातभार लावला, तो देश आज प्रत्येक यंत्रासाठी परदेशी विक्रेत्याच्या दारी का उभा आहे? शास्त्रज्ञ कमी पडले म्हणून नव्हे. १९५० आणि १९६० च्या दशकांत परदेशात हे यंत्र प्रयोगशाळेच्या टेबलावरून कारखान्यात गेले. अतिसंवाहक तारेची चुंबके आली, संगणक आला. आपल्याकडे प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधला पूल बांधलाच गेला नाही. तयार यंत्र आयात करणे हा दरवेळी सोयीचा मार्ग ठरला, आणि सोयीचे मार्ग पुढे सवयीचे होतात.

सार्वजनिक धोरणाने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना सुरू केली. मुंबई, मद्रास, लखनौ, चंडीगड, कोलकाता, शिलाँग, नागपूर येथे अशी केंद्रे उभी राहिली. महागडे यंत्र एका ठिकाणी ठेवावे आणि परिसरातील सर्व संशोधकांना अल्प शुल्कात वापरू द्यावे, ही त्यामागची कल्पना निःसंशय योग्य होती. हजारो प्रबंध या केंद्रांच्या आधाराने पूर्ण झाले आहेत. परंतु त्यानंतरच्या चार-पाच दशकांत विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधक यांची संख्या किती पटींनी वाढली, आणि त्या मानाने ही व्यवस्था किती वाढली, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दोन विक्रेते आणि एक वायू

आता बाजाराकडे पाहू. अनेक वर्षे या क्षेत्रात व्हेरियन, ब्रुकर आणि जिओल या तीन मोठ्या कंपन्या होत्या. २०१० मध्ये व्हेरियन कंपनी अ‍ॅजिलेंटने विकत घेतली आणि २०१४ मध्ये अ‍ॅजिलेंटने हा व्यवसायच गुंडाळला. तोट्याचा धंदा बंद करणे हा भांडवलाचा नित्याचा हिशेब. परंतु ज्या विद्यापीठांनी ती यंत्रे घेतली होती, त्यांच्या हाती सुट्या भागांच्या चिंतेखेरीज काही उरले नाही. उच्च क्षमतेच्या यंत्रांसाठी जगाच्या बाजारात मुख्यतः दोनच विक्रेते राहिले. दोनच विक्रेते असलेल्या बाजारात निविदा मागवणे म्हणजे स्पर्धेचे नाटक करणे होय. एकेक विद्यापीठ एकेकटे वाटाघाटीला बसते आणि सुट्या भागांपासून देखभालीच्या कराराच्या दरापर्यंत साऱ्या अटी पलीकडची बाजू ठरवते.

यंत्राच्या पोटात हेलियम आहे. चारशे मेगाहर्ट्झच्या सर्वसाधारण यंत्राचे चुंबक ९.४ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट प्रबळ असते. त्याची तार विरोधाविना वीज वाहून नेते ती केवळ द्रवरूप हेलियमच्या, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात. हा द्रव सावकाश उडून जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो. भरणे चुकले तर तारेची अतिसंवाहकता क्षणात नाहीशी होते, उरलासुरला द्रव उकळून वायू होतो आणि कोट्यवधींचे चुंबक निर्जीव होते. विद्यापीठाच्या लेखा विभागाला ही निकड समजत नाही. त्याच्या नोंदवहीत हेलियम आणि फिनेल हे दोन्ही ‘किरकोळ खर्च’ या एकाच सदरात बसतात.

भारत आपला जवळजवळ सर्व हेलियम आयात करतो. जून २०१७ मध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तेथील हेलियमचे दोन्ही कारखाने काही काळ बंद पडले आणि जगाच्या पुरवठ्याचा सुमारे चौथा हिस्सा अडला. अमेरिकेने १९२५ पासून टेक्सासमध्ये सांभाळलेला हेलियमचा सरकारी साठा १९९६ च्या कायद्याने विक्रीला काढला आणि २०२४ मध्ये तो मेसर या खाजगी कंपनीच्या मालकीचा झाला. आखातातला तंटा असो की परदेशातला लिलाव, त्याची झळ आपल्या देशातील विद्यापीठाच्या तळमजल्यावरील एका खोलीपर्यंत पोचते. आपल्या वीरभूम जिल्ह्यातील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांच्या वायूत हेलियम आहे आणि तो वेगळा करण्याचे प्रयोग कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी केले आहेत. मुंबई आणि बंगळूर येथील मोठ्या संस्थांत उडालेला हेलियम गोळा करून पुन्हा द्रवरूप करण्याची सोय आहे. ज्ञान आहे, अनुभव आहे. तो सर्वत्र पोचवणारी व्यवस्था नाही.

खरेदीची कसरत

यंत्रासाठी अनुदान मंजूर झाले की अडचणी संपल्या असे बाहेरच्या माणसाला वाटते. वस्तुतः तेथून त्या सुरू होतात. मंजूर रक्कम रुपयांत, किंमत परकीय चलनात. कागद फिरेपर्यंत रुपया घसरतो. सार्वजनिक संशोधनसंस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर वस्तू व सेवा कराची ५ टक्क्यांची सवलत होती. ती १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली. ज्या विभागाच्या अनुदानाचा आकडा आधीच ठरलेला होता, त्याला एका अधिसूचनेने लक्षावधी रुपयांची तूट आली. एका खिशातून सरकारने अनुदान दिले आणि दुसऱ्या हाताने त्यातला वाटा परत घेतला.

मे २०२० मध्ये केंद्राने २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदांना मनाई केली. हेतू देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा होता, आणि त्या हेतूशी आमचा वाद नाही. परंतु जे यंत्र देशात तयारच होत नाही, त्याच्या आयातीवर मनाईचा शिक्का मारून देशी कारखाना उभा राहत नाही; केवळ परवानगीच्या अर्जांची थप्पी वाढते. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांचे संचालक आणि कुलगुरू यांना अशा निविदा मंजूर करण्याचा अधिकार देऊन केंद्राने ही चूक काहीशी सुधारली. ती सवलत मात्र केंद्राच्या छत्राखालील संस्थांसाठी आहे. राज्यांची विद्यापीठे आपापल्या राज्याच्या नियमांत अडकलेली आहेत; आणि देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या दर पाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे चार जण याच राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात.

उद्घाटनानंतर काय?

प्रस्तुत लेखकाने एका विद्यापीठात पाहिलेले दृश्य विसरता येत नाही. रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर कुलूपबंद खोली. दारावर संगमरवरी फलक, त्यावर मान्यवरांची नावे सोनेरी अक्षरांत. आत माणसाच्या उंचीचे चकचकीत चुंबक उभे होते. पण ते थंड नव्हते. देखभालीचा करार संपला होता, नव्या कराराची फाईल वित्त विभागात होती, यंत्र चालवणारा तरुण अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीला कंटाळून एका औषध कंपनीत गेला होता, आणि मधल्या काळात हेलियम संपला होता. यंत्र ‘उपलब्ध साधनसामग्री’च्या यादीत होते. विद्यार्थी नमुने टपालाने पाठवत होते.

या दृश्यात कोणी एक माणूस गुन्हेगार नाही. दोष त्या विचारसरणीचा आहे, जी यंत्राला भांडवली खर्च म्हणून एकदाच मंजुरी देते आणि ते जिवंत ठेवणाऱ्या श्रमाला खर्च म्हणून ओळखतच नाही. चुंबकाचे क्षेत्र एकसारखे करणे, नमुना ओळखून योग्य प्रयोग निवडणे, रात्री वीज गेली तर धावत येणे, हे कुशल माणसाचे काम आहे. ते शिकायला वर्षे लागतात. असा तंत्रज्ञ कंत्राटी ठेवायचा, त्याला ना पद ना बढती द्यायची, आणि तो सोडून गेला की ‘विद्यापीठात कार्यसंस्कृती नाही’ म्हणून नाक मुरडायचे, ही रीत आता पुरे झाली.

कसोटी कोण घेणार?

हे सारे प्राध्यापकांचे घरगुती गाऱ्हाणे आहे, सामान्य माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मधाचे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या देशी चाचण्यांत बहुतेक मोठ्या नाममुद्रा उत्तीर्ण झाल्या होत्या. एन.एम.आर. चाचणीसह सर्व कसोट्यांना अवघ्या ३ उतरल्या. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष निघाला. कंपन्यांनी तो नाकारला. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की त्या चाचणीसाठी भारतीय मधाचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत पाठवावे लागले. आपल्या स्वयंपाकघरातील बाटलीत काय आहे हे आपल्याला परदेशातून कळले. मधमाशा पाळणाऱ्या शेतकऱ्याला भेसळीमुळे भाव मिळत नाही, आणि त्याच्या बाजूने पुरावा देईल अशी सार्वजनिक प्रयोगशाळा त्याच्या जिल्ह्यात नाही. औषधाची गोळी, खाद्यतेल, कीटकनाशक, सर्वांची गोष्ट हीच. कसोटीचे साधन ज्याच्या हाती, सत्य सांगण्याचा अधिकार त्याच्या हाती.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की जेथे शाळेला छप्पर नाही तेथे कोट्यवधींची चुंबके कशाला? हा आक्षेप गरिबांच्या नावाने घेतला जातो, पण त्याचा लाभ गरिबांना कधीच मिळत नाही. विद्यापीठाचे यंत्र नाकारल्याने शाळेला छप्पर मिळाले, असे एकही गाव कोणी दाखवलेले नाही. अधिकृत आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. छप्पर आणि चुंबक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी आधी या आकड्याचे समर्थन करावे.

दुसरा आक्षेप असा, की संगणकावरील संकेतस्थळावर देशातील उपकरणांची यादी आहे, पैसे भरून कोणीही वेळ घेऊ शकतो. मग नवी यंत्रे कशाला? वाटून वापरण्याच्या तत्त्वाला विरोध असण्याचे कारण नाही. ते तर सार्वजनिक मालकीचेच तत्त्व आहे. प्रत्येक महाविद्यालयाला एक चुंबक द्या, अशी मागणीही कोणी करीत नाही. परंतु यादी म्हणजे यंत्र नव्हे, आणि शुल्क भरण्याची ऐपत म्हणजे हक्क नव्हे. जे थोडे आहे ते वाटून घेण्याची सूचना, ज्यांच्याकडे पुरेसे आहे त्यांच्याकडून नेहमीच आग्रहाने येते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे चित्र रंगवण्यात आले. त्यातील सुमारे ३६,००० कोटी खाजगी व अन्य बिगरसरकारी स्रोतांतून यायचे आहेत. खाजगी भांडवल आपल्याला उपयोगी विषयांसाठी पैसा देईल. जिल्ह्याच्या विद्यापीठातील हेलियमसाठी ते देईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

मागण्या स्पष्ट असाव्यात

पहिली मागणी: यंत्र आणि ते दहा वर्षे चालवण्याचा खर्च एकत्र मंजूर झाला पाहिजे. हेलियम, वीज, सुटे भाग आणि देखभाल यांची तरतूद नसलेले अनुदान हे अर्धवट अनुदान आहे.

दुसरी: प्रत्येक यंत्रामागे प्रशिक्षित तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण व्हावीत, वेतनश्रेणी आणि बढतीच्या संधीसह.

तिसरी: जवळच्या जिल्ह्यांतील विद्यापीठांच्या गटाला एक याप्रमाणे सामायिक केंद्रे उभी राहावीत. नमुन्यांची प्रतीक्षायादी सर्वांना पाहता यावी आणि विद्यार्थ्याला यंत्रापाशी बसून शिकता यावे.

चौथी: खरेदी एकेकट्याने न करता देशभरातील विद्यापीठांच्या वतीने एकत्रित व्हावी. विक्रेते दोन आणि ग्राहक विखुरलेले, ही स्थिती उलटवता येते. किमतीसह सुट्या भागांचा साठा आणि आपल्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण या अटी तेव्हाच घालता येतील.

पाचवी: हेलियम गोळा करून पुन्हा वापरण्याची सोय प्रादेशिक पातळीवर सार्वजनिक खर्चाने व्हावी.

आणि सहावी: देशी निर्मितीची सुरुवात करावी. हे स्वप्नरंजन नाही. या चाचणीत साध्या द्रावकातील हायड्रोजन आलेख झाकोळून टाकतो, म्हणून ड्युटेरियमयुक्त द्रावक लागतात. आपल्या सार्वजनिक क्षेत्रातील जड पाणी मंडळ जड पाणी निर्यात करते आणि असे द्रावक बनवण्याचे कामही त्याने हाती घेतले आहे. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्राने देशी एम.आर.आय. प्रकल्पासाठी १.५ टेस्लाचे अतिसंवाहक चुंबक तयार केले आहे. हेलियमची गरज नसलेली, कायम चुंबकावर चालणारी लहान यंत्रे पदवीच्या वर्गांसाठी पुरेशी असतात. त्यांपासून आरंभ करून मोठ्या चुंबकापर्यंत जाता येईल. गरज आहे ती दीर्घ मुदतीच्या निर्णयाची आणि पहिली शंभर यंत्रे आम्ही घेऊ, अशा सार्वजनिक हमीची.

एन.एम.आर.चे सख्खे भावंड असलेले इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय अनुस्पंदन १९४४ मध्ये झावोईस्की यांनी शोधले. युद्ध चालू होते आणि शोधाचे ठिकाण राजधानीतील अकादमी नसून व्होल्गाकाठचे कझान विद्यापीठ होते. प्रतिभा राजधानीचा पत्ता विचारून जन्म घेत नाही. ती कोठेही उगवते. तिच्या हाती साधन पोचवायचे की नाही, एवढेच समाजाने ठरवायचे असते. ज्या विद्यार्थिनीची कुपी आज टपालाच्या थैलीत आहे, तिच्या वतीने हा प्रश्न प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या संघटनांनी एकत्रितपणे हाती घेतला पाहिजे. पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी प्रत्येक राज्य विद्यापीठाने एवढे तरी जाहीर करावे: आपल्याकडे किती यंत्रे आहेत आणि त्यांपैकी आज किती चालू आहेत. लढ्याची सुरुवात या एका आकड्यापासून होऊ शकते.